तुरीच्या ओळींत गवार: माझा अनुभव
सांगोला तालुक्यातील आमच्या हलक्या कोरडवाहू रानात तुरीच्या ओळींमधली जागा पहिले दोन महिने मोकळीच राहत असे आणि तिथे तण माजत असे. पहिल्या वर्षी तिथे दोडका लावला, पण त्याचे वेल तुरीवर चढून कोवळे शेंडे मोडले. पुढच्या खरिपात तुरीच्या ओळी 6 फुटांवर ठेवून मधे ताठ वाढणाऱ्या गवारीच्या दोन ओळी पेरल्या. ती साधारण दीड-दोन महिन्यांत तोड्याला आली, तूर पसरेपर्यंत तिचे बहुतेक तोडे उरकले आणि त्या रोख पैशातून तुरीच्या फवारणीचा खर्च भागला. गवार उपटली नाही, जमिनीलगत कापून पाला तिथेच पसरला. ऑक्टोबरच्या उन्हातही त्याखालची माती बोटांना ओलसर लागत होती.