डोळ्यांची चढाओढ आणि डोक्याची हालचाल : घरी करायचा प्रयोग

दोन डोळ्यांना अगदी वेगळी चित्रं दाखवली की मेंदू ती मिसळत नाही. दर दोन-चार सेकंदांनी एक दिसतं, दुसरं गायब होतं. डोकं सरकवल्यावर कळणारी खोली या चढाओढीत एका चित्राचं पारडं जड करते का, हे तपासायला आरशाचा तुकडा नि काड्या पुरतात.

५ बाय ७ सेंमीचा बिनचौकटीचा आरसा नागपुरात बर्डीत किंवा इतवारीत काचवाल्याकडून कापून घ्या. कडा घासायला सांगा. थर्माकोलवर काळ्या रंगवलेल्या काड्यांच्या दोन रांगा उभ्या खोचा, डोळ्यापासून ४० आणि ६० सेंमीवर. पुढे उदबत्तीच्या काड्या, मागे दीडपट जाड, म्हणजे जाडीवरून अंतर ओळखता येत नाही. मागे कोरा कार्डशीट. उजवीकडे १ मीटरवर आडव्या काळ्या पट्ट्यांचा कागद.

आरशाची आतली कड नाकाला टेकवा, बाहेरची पुढे ४५ अंशांत. उजव्या डोळ्याला पट्टे दिसतील, डाव्याला काड्या. नजर मागच्या मधल्या काडीवर. आता खांद्यांसकट ६ सेंमी सरका, सेकंदाला एक बाजू. पुढची रांग सुमारे साडेआठ अंश सरकते, मागची पावणेसहा. त्या फरकातून खोली कळते. मान फिरवू नका: आरसाही फिरतो, पट्टे झुलतात आणि तेच जिंकतात.

गफलत होते ती इथेच. हलणारं चित्र नुसतं हलतं म्हणूनही वरचढ ठरतं. म्हणून एक-एक मिनिटाच्या चार फेऱ्या करा: डोकं स्थिर; डोकं सरकवून; डोकं सरकवून पण सगळ्या काड्या ६० सेंमीवर; आणि डोकं स्थिर ठेवून दुसऱ्याने थर्माकोल तेवढाच सरकवायचा. दुसरी आणि चौथी फेरी ताडून बघणं सगळ्यात मोलाचं: दोन्हींत काड्यांची हालचाल सारखीच, फरक फक्त डोकं सरकतं की नाही एवढाच.

सोबत्याला ‘काड्या’, ‘पट्टे’ असं सांगत जा, त्याने वेळा लिहाव्यात. दोन्हींच्या वेळा वेगळ्या मांडा. एका चित्राला जोर आला की बरेचदा त्याची वेळ वाढण्याऐवजी दुसऱ्याची घटते, हे डच मानसशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी १९६५मध्येच दाखवलं.

मे महिन्यात जिवावर आलं तरी कूलर बंदच ठेवा, वाऱ्याने काड्या थरथरतात. खिडकीचा उजेड एकाच बाजूने आला तर उजळ चित्र बाजी मारतं. पडदे ओढून वरचा दिवा लावा. तिरळेपणा किंवा एक डोळा अधू असेल तर चढाओढ मुळात दिसणारच नाही, असंही होतं. शेवटी आरसा डाव्या डोळ्यापुढे, कागद डावीकडे घेऊन सगळ्या फेऱ्या पुन्हा करा.