ट्रेड-इंडस्ट्रीवर पीएचडी करायचीय? मग आधी हे करा

एमए इकॉनॉमिक्स झालेली मुलं सारखी विचारतात की ट्रेड आणि इंडस्ट्रीवर रिसर्च करून प्रोफेसर व्हायचंय तर सुरुवात कुठून करू. माझं एकच सांगणं, आधी डेटात हात घाला, गाईड नंतर शोधा.

नेट-सेट, म्हणजे प्रोफेसर व्हायची पात्रता परीक्षा, द्यायचीच, त्यात वाद नाही. नेटमधून जेआरएफ, म्हणजे रिसर्चची फेलोशिप, लागली तर सुरुवातीला महिना 37,000 मिळतात, घरच्यांनाही धीर येतो. मुंबईत कलिन्याला युनिव्हर्सिटीचं डिपार्टमेंट आहे आणि गोरेगावला रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये काढलेली आयजीआयडीआर ही रिसर्च संस्था, तिथे जायचं तर गणित पक्कं पाहिजे.

आता मुख्य काम. कॉमर्स मिनिस्ट्रीच्या साईटवर एक्सपोर्ट-इम्पोर्टचे आकडे फुकट मिळतात, तुमच्या ओळखीचा एक माल घ्या आणि त्याचे दहा वर्षांचे आकडे उतरवा. समजा आंबा घेतला, त्याचा सहा आकडी एचएस कोड, म्हणजे ट्रेडमध्ये मालाला जगभर दिलेला नंबर, 080450, पण एक्सेलमध्ये टाकला की सुरुवातीचा शून्य गळतो आणि 80450 उरतं, मग दुसऱ्या फाईलशी जुळवताना आंबा गायबच, मी यात अख्खा आठवडा घालवलाय, म्हणून कॉलम आधीच टेक्स्ट करून घ्या. आणि त्या कोडात पेरू आणि मँगोस्टीनपण असतात हं, नुसता हापूस समजू नका.

मग कारखान्यांकडे वळा, म्हणजे एएसआय, ॲन्युअल सर्व्हे ऑफ इंडस्ट्रीज. ट्रेडचा डेटा एचएस कोडात, कारखान्यांचा एनआयसी कोडात, म्हणजे कुठला उद्योग त्याच्या नंबरात, दोन्ही जुळवायला लय वेळ जातो, त्यात एचएस कोड दर पाच-सहा वर्षांनी बदलतात. पण खरं शिकणं इथेच होतं, घाई करू नका. अजून एक, एएसआयमध्ये ढोबळमानाने वीज वापरत असाल तर 10 आणि नसाल तर 20 कामगारांपासून पुढचे कारखाने येतात. म्हणजे धारावीत माळ्यावर सहा-सात जण चामड्याच्या बॅगा शिवतात ते यात नाहीत! लेदरच्या एक्सपोर्टवर लिहायचं असेल तर एकदा तिथे जाऊन या, माल कुठून येतो, ऑर्डर कोण देतं, पैसे किती दिवसांनी मिळतात हे विचारा, चांगला प्रश्न तिथेच सापडेल.

मग दोन पानं लिहा, एक प्रश्न, एक टेबल, कुठला डेटा आणि त्यात काय कमी आहे. तीच घेऊन गाईडकडे जा.