वकिलाने मूळ खरेदीखत अडकवलं तर: माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात घर घेतलं, ठरलेली फी दिली. तरी वकीलसाहेब ‘वरचा हिशेब बाकी आहे’ म्हणत मूळ खरेदीखत देईनात. फोन केले, ओळखीचा माणूस पाठवला. डोक्याला ताप नुसता.

आधी दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त क्रमांक, वर्ष देऊन प्रमाणित नक्कल काढली. ती जोडून ग्रामपंचायतीत नमुना 8 वर (घरांच्या कर आकारणीची नोंदवही) नाव चढवायचा अर्ज दिला. मग वकिलाला पोचपावतीचं पत्र, सोबत पावत्यांच्या झेरॉक्स. मजकूर असा: सर्वोच्च न्यायालयाच्या 2000 च्या आर. डी. सक्सेना निकालानुसार फीपोटी अशिलाचे कागद अडवता येत नाहीत. मुदतीत न मिळाल्यास अधिवक्ता कायदा 1961, कलम 35 खाली बार कौन्सिलकडे (वकिलांवर कारवाई करणारी संस्था) तक्रार करू. (धमकीची भाषा नको, कलम पुरतं.)

वकिलाचा मुन्शी (कारकून) खरेदीखत घेऊन घरी आला. पानं, शिक्के तपासूनच पोच दिली.