"पळल्यानं गुडघे जातात" असली बातमी वाचायची कशी

बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर सकाळी पळायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी अधनंमधनं टाकतंयच, "पळल्यानं गुडघे झिजतात, नवीन संशोधन". लगेच शूज माळ्यावर टाकू नका की. आधी बघा अभ्यास कुणावर केलाय, उंदरावर, प्रोफेशनल खेळाडूंवर का आपल्यासारख्या हौशी लोकांवर.

2017 चा एक आढावा आहे, बरेच अभ्यास एकत्र करून केलेला, त्यात गुडघ्या-खुब्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस (म्हणजे सांध्याची झीज) हौशी पळणाऱ्यांत 3.5 टक्के, न पळणाऱ्यांत 10.2 आणि स्पर्धेत पळणाऱ्यांत 13.3 टक्के निघाला. आता ह्यातनंच एक पेपरवाला "पळणं घातक" छापू शकतोय आणि दुसरा "पळा, गुडघे वाचवा", आणि आकडे दोघांचेबी खरेच!

पण ज्यांचे गुडघे आधीच दुखायलेत ते पळणं सोडूनच देतात, मग ते न पळणाऱ्यांच्या खात्यात जातात का नाही? म्हणजे पळल्यामुळंच गुडघे टिकले असं ह्यावरनं सिद्ध होत नाही, नुसता संबंध दिसतोय.

"धोका दुप्पट" दिसलं की विचारायचं, कितीचा दुप्पट? हजारात एकाचे दोन झाले तरी दुप्पटच, शंभरात विसाचे चाळीस झाले तरी दुप्पटच. आणि दुखापती बऱ्याचदा खेळाच्या 1000 तासांमागं मोजतात, ते न बघता रोज तालमीत घाम गाळणारा पैलवान आणि रविवारी टेनिस बॉल खेळणारा एका तराजूत घालू नका.

बातमीत मूळ संशोधनाच्या पेपरचं नावच नसलं तर मी पुढं वाचत नाही. नाव असलं तर पबमेडवर (वैद्यकीय संशोधन शोधायची वेबसाइट) बहुतेक वेळा सारांश फुकट मिळतोय, पाच मिनिटांचं काम. गुडघा खरंच सुजला असला तर मात्र हे सगळं राहू दे, सरळ डॉक्टरकडं जावा.