घरात पाणी वाचवताना या चुका टाळा (कूलरवाल्यांनी तर नक्कीच वाचा)

आमच्या घरी भांडी घासताना नळ जरा मोठा सोडला की आई ओरडते, आणि त्याच घरात मागच्या मे महिन्यात मी कूलरमध्ये पाइप टाकला, पाच मिनिटं आडवा होतो म्हटलं आणि सरळ झोपून गेलो. सकाळी खालच्या काकूंनी दार वाजवलं, त्यांच्या पोर्चमध्ये चपला तरंगत होत्या. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात ना, ते हेच. दाढी करताना नळ बंद ठेवा वगैरे शाळेपासून ऐकत आलोय, ते सांगत बसत नाही. आपलं लक्ष नसताना पाणी कुठून जातं तेवढंच बोलू.

नागपुरात पहिला नंबर अर्थातच कूलरचा. नवतप्यात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) कूलर पाणी पिणारच, बाजूच्या गवताच्या ताट्यांवरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना हवेतली उष्णता ओढून घेतं म्हणून तर गार लागतं, त्यामुळे ते पाणी मी वाया गेलं असं धरत नाही. वाया जातं ते टाकीतून सांडलेलं. आणि इथली चूक म्हणजे, फ्लोट (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता गोळा) लावला ना आता टेन्शन नाही, असं समजणं. फ्लोटचा दांडा पंपाच्या वायरमध्ये अडकतो, नाहीतर तोंडाशी पांढरा क्षार बसतो आणि रात्रभर बारीक धार चालू राहते, पंख्याच्या आवाजात ऐकू पण येत नाही. टाकी भरली की फ्लोट बोटाने वर उचलून बघा. उचलल्यावर धार थांबली पण सोडल्यावर परत सुरू झाली, तर दांडा जास्त वर सेट झालाय किंवा फ्लोटच्या आत पाणी शिरलंय (हलवा, खळखळ वाजेल). उचलूनही थांबत नसेल तर क्षार किंवा वॉशर. तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, तरी नाही जमलं तर नवीन आणा, जुन्याशी भांडण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे खोली बंद करून कूलर लावणं. समोरची खिडकी उघडी नसली की दमट हवा आतच फिरते, चिकचिक होते, मग लोकं पंप फुल करतात आणि टाकीत बर्फ ओततात. बर्फाने फार काही होत नाही बाप्पा! एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता घेतं त्याच्या साधारण सातवा हिस्सा एक किलो बर्फ वितळताना घेतो. खिडकी उघडा, फुकटात होते.

पाणी वाचवायच्या नादात एक मात्र करू नका, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करायचीच, डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून उडण्यापर्यंत पोचतो. फक्त ते पाणी संडासात किंवा अंगण धुवायला घ्या. कुंड्यांना नको, वाफ उडून गेल्यावर क्षार मागे राहतो. माझ्या मोगऱ्याची पानं कडेने करपली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

आरओचं थोडक्यात सांगतो. एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकणारी मशीन घराघरात आहेत, ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला घेता येतं हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण टाकी भरल्यावरही ती बारीक नळी ठिबकत असेल तर आतला बंद करणारा व्हॉल्व्ह गेलाय, आणि ते दिवसरात्र चालू असते. मेकॅनिकला हेच वाक्य सांगा, नाहीतर तो फिल्टर बदलून जाईल.

शिळं पाणी म्हणून कालचा गुंड (पाण्याचा हंडा) मोरीत ओतणारे पण कमी नाहीत. अरे, धरणात महिनोन्‌महिने राहिलेलंच तर येते ना आपल्याकडे! २०१९ च्या जुलैत नागपूरला पाणी देणारं तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि दिवसाआड नळ आले, तेव्हा हेच शिळं पाणी झाकून ठेवून प्यायलो आपण, काही झालं नाही. 

आता फ्लश, हा खरा चोर. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका, पंधरा-वीस मिनिटं कोणाला जाऊ देऊ नका, खाली भांड्यात रंग उतरला की समजा गळती आहे. मग झाकण काढून बघा, पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत आलं असेल तर फ्लोट खाली करा, नसेल तर बुडातला रबर बदला. आणि टाकीत वीट ठेवायची आयडिया डोक्यातून काढा, ती भिजून सुटते, कण त्या रबराखाली बसतात आणि न गळणारी टाकी पण गळायला लागते. भरलेली बाटली ठेवा, पण त्यामुळे दोनदा फ्लश करावं लागत असेल तर तीही काढा.

गळती शोधायला मीटर बघा म्हणतात. बरोबर आहे, पण ज्यांच्याकडे खाली टाकी, वर टाकी आहे त्यांना मीटर फक्त खालच्या टाकीपर्यंतचं सांगते, तिच्यापुढे काय वाहून राहिलं ते नाही. आम्ही महिनाभर मीटर बघून खूश होतो. मग एकदा रात्री वरच्या टाकीत काठी उभी घालून पेनाने खूण केली, पंप बंद ठेवला, सकाळी पाणी चार बोटं खाली. हजार लिटरच्या टाकीत चार बोटं म्हणजे ५०-६० लिटर, आणि शहरात माणशी दिवसाला धरतात १३५! मग एकेका बाथरूमचा कॉक बंद करून तीन रात्री तेच केलं. निघाला पाहुण्यांच्या खोलीतला फ्लश, जिथे दिवाळीनंतर कोणी गेलंच नव्हतं.