आयबीएमच्या कामाबद्दल खाणवाल्यांचं खरं मत कसं काढायचं

आयबीएम म्हणजे इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, खाणींवर लक्ष ठेवणारं केंद्राचं खातं. त्याच्याबद्दल खाणवाल्यांचं मत कुणाला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हवं असतं, कुणाला असोसिएशनच्या निवेदनासाठी, पण पद्धत सगळ्यांची एकच, गूगल फॉर्म बनवायचा, "इंडियन ब्युरो ऑफ माइन्सच्या कामाला 1 ते 5 मध्ये रेटिंग द्या" असं विचारायचं आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून द्यायचा. मग बहुतेक जण 3 वर टिक करून मोकळे होतात आणि हातात काहीच येत नाही. मत काढायचं असेल तर ते कुठल्या कागदाबद्दल आहे आणि कुठल्या तारखेचं आहे ते आधी पकडा.

सगळ्यात पहिलं म्हणजे माणूस नक्की कोणत्या खात्यावर चिडलाय ते बघा. चंद्रपूरकडचा कोळशावाला अर्धा तास परवानग्यांवर बोलेल, पण कोळसा आयबीएमकडे येतच नाही. वाळू, मुरूम, गिट्टी ही गौण (मायनर) खनिजं, ती राज्याकडे, आणि फेब्रुवारी 2015 मध्ये अजून 31 खनिजं गौण झाली तीही तेव्हा तिकडेच गेली. सेफ्टीचं सगळं धनबादच्या डीजीएमएसकडे, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, जंगलाची परवानगी आणखी वेगळीकडे. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "या ऑफिसचं शेवटचं पत्र तुम्हाला कधी आलं आणि कशाबद्दल?" याचं उत्तर देता येत नसेल तर त्याचा राग बहुतेक दुसऱ्याच खात्यावर असतो, ते उत्तर फेकू नका, फक्त वेगळं ठेवा.

आता मायनिंग प्लॅन, म्हणजे खाण कशी चालवणार याचा आराखडा, जो आयबीएमकडून मंजूर करून घ्यावा लागतो. "फार लेट करतात" हे वाक्य शंभरदा ऐकाल, तिथे थांबू नका, फाइल मागा. प्लॅन कधी सबमिट केला, स्क्रुटिनीचं (त्रुटी दाखवणारं) पत्र कधी आलं, त्याला उत्तर कधी गेलं, साइट बघायला कधी आले, मंजुरी कधी, या पाच तारखा एका ओळीत लिहून काढा आणि प्रत्येक टप्प्यात फाइल कुणाच्या टेबलावर होती ते समोर लिहा. स्क्रुटिनीचं पत्र स्वतः वाचा, त्यात मजकुरातला बेंचचा (खाणीतल्या पायरीचा) आकडा नकाशाशी जुळत नाही, रिझर्व्हची (जमिनीतल्या साठ्याची) बेरीज चुकलीय अशा गोष्टी असतील तर तो उशीर प्लॅन बनवणाऱ्याचा आहे, ऑफिसचा नाही. पण तेच ऑफिस प्रत्येक उत्तरानंतर नवीनच मुद्दे काढत असेल, जे पहिल्याच पत्रात सांगता आले असते, तर ती तक्रार शंभर टक्के खरी आणि ती रिपोर्टमध्ये ठळक आली पाहिजे.

अ‍ॅव्हरेज सेल प्राइसचा, म्हणजे सरासरी विक्रीभावाचा, विषय निघाला की आवाज चढतात, आणि कारण आहे. आयबीएम दर महिन्याला राज्यवार, ग्रेडवार भाव काढतं आणि रॉयल्टी, लिलावाचा प्रीमियम त्यावर लागतो. लोहखनिजात 58 ते 60 टक्के लोहाचा स्लॅब एकच, म्हणजे 58.1 वाला आणि 59.9 वाला दोघांना भाव सारखाच धरला जातो. वर हा भाव काढताना रॉयल्टी वजा होत नाही, त्यामुळे रॉयल्टीवर रॉयल्टी बसते ही तक्रार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. पण हा नियम दिल्लीच्या खाण मंत्रालयाचा, आयबीएम त्याप्रमाणे गणित करतं. म्हणून दोन प्रश्न करा, नियम चुकीचा वाटतो का, आणि आकडा वेळेवर आणि बरोबर येतो का. एकत्र विचारलंत तर मंत्रालयावरचा राग ऑफिसच्या मार्कात जमा होतो.

मंथली रिटर्न (दर महिन्याला भरायची माहिती), स्टार रेटिंग (खाणीला मिळणारे स्टार) यावर थोडक्यात विचारा. ड्रोन सर्व्हेवर मात्र छोट्या लीजवाल्यांना वेगळं विचारा, कारण 2021 च्या दुरुस्तीनंतर ड्रोनची सक्ती 50 हेक्टर किंवा वर्षाला 10 लाख टन आणि त्यावरच्यांना आहे, मोठ्या कंपनीला जो खर्च जाणवतही नाही तो छोट्याला ड्रोनशिवायच्या सर्व्हेतही जाणवतो.

नावं लपवताना जपून. ज्याची फाइल आत अडकलीय तो मोकळं बोलणार नाही, आणि "भंडाऱ्यातली अंडरग्राउंड मँगनीज खाण" असं लिहिलंत की नाव लिहिल्यासारखंच झालं. जिल्हा काढा, खनिज ठेवा.

आणि सगळे खूश असतील तर जास्त खोलात जा, हे मी कळकळीने सांगतोय. गोव्यातल्या बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या रिपोर्टमध्ये खाण कायद्याच्या (एमएमडीआर) कलम 24 खालची तपासणी झालेली दिसत नाही, त्यामुळे कुणाला भीतीच उरली नाही, असं आलं. पुढे ऑक्टोबर 2012 ला सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या आणि फेब्रुवारी 2018 ला 88 लीजचं नूतनीकरण रद्द केलं, ट्रकवाले, बार्जवाले, मशीनवाले सगळे घरी बसले. त्यामुळे फॉर्ममध्ये एक प्रश्न हवाच, "गेल्या तपासणीत तुमची कुठली चूक सापडली आणि ती कधी दुरुस्त केली?" आणि हाच प्रश्न खाणीच्या खालच्या गावातल्या शेतकऱ्यालाही विचारा, त्याचं उत्तर वेगळ्या कॉलममध्ये, मालकाच्या उत्तराच्या शेजारी.

रिपोर्ट छापायच्या आधी तो तारखांचा तक्ता त्या रिजनल ऑफिसला पाठवा आणि त्यांचं म्हणणं मागा, उत्तर आलं तर जसंच्या तसं जोडा, नाही आलं तर कधी पाठवलं होतं ती तारीख लिहा.