वायफायवर एचडी व्हिडिओ अडकतोय? प्लॅन वाढवायच्या आधी एवढं बघा

१०० एमबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचं) नेट आहे तरी टीव्हीवर ते गोल चक्र फिरत बसतं, ही तक्रार नाशिकमधे सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत सगळीकडे आहे आणि बहुतेक जण सगळ्यात आधी काय करतात तर प्लॅन वाढवतात, २०० चा घेतात, दर महिन्याला जास्त पैसे भरतात आणि व्हिडिओ तसाच अडकतो. अहो पण एचडीला लागतं किती? १०८०पी ला साधारण ५ एमबीपीएस, ४के ला १५ ते २५. म्हणजे बाहेरून घरात येणारं नेट बऱ्याचदा भरपूर असतं, गडबड राउटर ते टीव्ही या शेवटच्या टप्प्यात असते.

म्हणून आधी नक्की कुठे अडकतंय ते शोधा. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना सेटिंगमधे जाऊन 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू करा, कोपऱ्यात आकडे येतात. त्यात बफर हेल्थ म्हणजे पुढचा किती सेकंदाचा व्हिडिओ आधीच येऊन पडलाय ते दिसतं. हा आकडा उतरत उतरत शून्यावर आला आणि मग व्हिडिओ थांबला तर नेटवर्कचा दोष. पण बफर भरलेलं आहे आणि ड्रॉप्ड फ्रेम्स (दाखवायच्या राहून गेलेल्या चित्रांचा आकडा) वाढत चाललेत, तर नेट बिचारं नीट काम करतंय, टीव्ही किंवा लॅपटॉपलाच तो व्हिडिओ झेपत नाहीये, क्वालिटी एक पायरी खाली करा.

नेटवर्कच निघालं तर लॅपटॉप टीव्हीशेजारी नेऊन त्याच वायफायवर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधे राउटरच्या आयपीला, म्हणजे त्याच्या नेटवर्कवरच्या पत्त्याला, सलग पिंग लावून ठेवा, म्हणजे राउटरला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसतं (आयपी राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि शेवटी हायफन टी लिहिलं की पिंग थांबत नाही). २-५ मिलीसेकंद येत राहिलं तर छान, मधेच २००-३०० ला उडी मारतंय किंवा टाइम्ड आउट (उत्तरच आलं नाही) येतंय तर वायफाय कच्चं आहे हे पक्कं.

आता वायफाय. ते २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतं. सिडकोत घराला घर चिकटलेलं, त्यामुळे शेजारपाजारच्या सगळ्यांचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात, आणि मायक्रोवेव्ह पण त्याच पट्ट्यात चालतो. तिथे टीव्ही सरळ ५ गिगाहर्ट्झवर टाका. टीव्ही जुना असेल आणि त्याला ५ दिसतच नसेल तर राउटरच्या सेटिंगमधे चॅनल (त्या पट्ट्यातला छोटा भाग) ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ यातला जो कमी गर्दीचा दिसेल तो लावा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. उलट पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत भिंती एवढ्या जाड की ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीतच दम सोडतं, तिथे राउटरची जागा बदलल्याशिवाय इलाज नाही. आणि कुठेही राहा, राउटर लोखंडी कपाटाच्या मागे किंवा टीव्हीच्या पाठीला चिकटवून ठेवू नका, उंचावर आणि मोकळ्यात ठेवा.

लॅपटॉपमधला किंवा हार्डडिस्कवरचा पिक्चर घरातल्या घरात टीव्हीवर बघणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. इथे बाहेरच्या नेटचा काहीच संबंध नाही. २० जीबीची २ तासाची फाइल म्हणजे सरासरी २२ एमबीपीएस, आणि मारामारीच्या सीनला त्याच्या दुप्पट सहज जातं. लॅपटॉपही वायफायवर आणि टीव्हीही वायफायवर असेल तर तोच डेटा हवेतून दोनदा जातो, आधी राउटरकडे मग टीव्हीकडे, म्हणून स्पीड जवळपास अर्धा होतो. नुसता लॅपटॉप वायरने राउटरला जोडला तरी मोठा फरक पडतो. आणि तीच फाइल पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावून बघा, तशीही अडकली तर वायफायच्या मागे लागू नका, टीव्हीला तो फॉरमॅट जमत नाहीये.

माझं स्पष्ट मत विचाराल तर टीव्ही जागचा हलत नाही, त्याला वायरच ओढा. एमजी रोडवर कॅट ६ केबल (नेटवर्कची वायर) मिळते, १०० मीटरपर्यंत काही अडचण नाही. फक्त टोकाला कनेक्टर बसवताना आठही तारा बसवून घ्या, काही जण चारच बसवतात आणि मग लाइन १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. बऱ्याच टीव्हीचा लॅन पोर्ट (ही वायर लावायची खाच) तसाही १०० चाच असतो पण स्ट्रीमिंगला तो पुरून उरतो.

एवढं करूनही, वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर रात्री ९-१० ला स्पीड पडत असेल तर मात्र नेटवाल्याला धरा. त्याआधी फायबरची पिवळी वायर कुठे मुडपली नाहीये ना बघा, एलओएसचा (फायबरचा सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर फोटो काढा, स्पीड टेस्टचे सकाळचे आणि रात्रीचे स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.